उपग्रहाला उडीद दिसतो, वाटेकरी दिसत नाही

(पोस्ट मोठी आहे. इतिहास आहे, त्यामुळं निवांत वाचा.)

गेल्या काही दिवसांत पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला. "आता सगळं सॅटेलाइटवरून दिसतंय म्हणतात, मग खरी शेती कोण करतंय ते सरकारला कळत नाही का?" विचारणारे बहुतेक वाट्यानं किंवा खंडानं रानं करणारे होते. एक जण मात्र मालक होता, पुण्यात राहणारा. त्याची काळजी उलटी होती. सॅटेलाइटवरून आपला वाटेकरी कुणाला दिसला तर काय करायचं, असं त्याला वाटत होतं.

दोघांनाही उत्तर एकच: उपग्रहाला पीक दिसतं, कसणारा दिसत नाही. पण एवढ्यावर विषय संपत नाही. कारण कसणारा आधी कागदावर दिसत होता, आणि तो कागदावरून पुसला गेला तेव्हा उपग्रह नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. ही गोष्ट आपल्या शेजारूनच सुरू होते, म्हणून सविस्तर लिहितो.

भीमा ओलांडली की इंदापूर. आज मधे उजनीचं पाणी पसरलंय, पण 1836 च्या आसपास इथं नुसती नदी होती. पेशवाई जाऊन 18 वर्षं झाली होती. कंपनी सरकारचा प्रिंगल नावाचा अधिकारी दख्खनमध्ये मोजणी करून गेला होता. त्यानं प्रत्येक शेताचं उत्पन्न किती, खर्च किती, निव्वळ उरतं किती याचा हिशोब काढायचा घाट घातला. म्हणजे पीक बघून सारा. कागदावर हिशोब फार सुंदर होता. प्रत्यक्षात आकडे खोटे, खालचे कारकून पैसे खाणारे, आणि सारा इतका जड की लोक रानं टाकून निघून गेले. इंदापूर तालुका त्यात पार बसला.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन तरुण इंग्रज तिथं आले. त्यांनी पिकाचा नाद सोडला. जमीन किती खोल, काळी की तांबूस, चुनखडी आहे का, उतार आहे का, एवढंच बघायचं. मातीच्या नऊ प्रती पाडल्या. शेताला दगड लावून नंबर दिला. आपण आजही "सर्व्हे नंबर" म्हणतो तो हा. आणि सारा ठरवला 30 वर्षांसाठी, नंबरवर. त्या नंबरात ज्वारी पेरा नाहीतर पड ठेवा, सारा तोच. आणि तो भरायचा कुणी, तर कब्जेदारानं. नंतर हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली.

यात एक बारीक गोष्ट आहे. सरकारला पिकाशी देणंघेणं उरलं नाही, आणि कब्जेदार सोडून दुसरं कोण त्या रानात राबतंय याच्याशी तर अजिबातच नाही. सारा भरतोय ना? मग झालं.

मोजणीची साखळी होती 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. हे माप लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सरकारला पीक बघायची गरज पुन्हा पडली ती दुष्काळांमुळं. 1876 ते 78 च्या दुष्काळानं दख्खन मोडून काढली. पीकच नाही तर सारा कुठून वसूल करणार? मग तहकुबी, सूट. पण ती कुणाला द्यायची? त्यासाठी आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, त्यातलं यंदा किती आणे? गावात फिरून, रानाच्या बांधावर उभं राहून अंदाज करायचा. पुढं आण्याचे पैसे झाले आणि आपण पैसेवारी म्हणायला लागलो. 50 पैशाच्या आत आली तर टंचाई. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, 48 आणि 52 पैशांवरून तहसीलला किती मोर्चे गेले. मी स्वतः असल्या मोर्च्यांच्या बातम्या केल्यात. दोन पैशानं गाव टंचाईत बसतं किंवा बाहेर पडतं, आणि ते दोन पैसे कुणी कुठून मोजले हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

हा अंदाजपंचे कारभार शास्त्रावर आणायचं मोठं काम आपल्याच मातीतल्या माणसानं केलं. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1940 च्या दशकात त्यांनी आणि पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. त्यावरून मंडळाचा उतारा काढायचा. आज विम्यात ज्या कापणी प्रयोगावरून भांडणं होतात त्याचं मूळ हे.

तोपर्यंत पीक बघायची व्यवस्था झाली. कसणारा बघायची व्यवस्थाही त्याच सुमाराला आली, आणि ती आणली कूळ कायद्यानं.

मुंबई राज्याचा कूळ कायदा 1948 चा. आपला तालुका जुन्या मुंबई इलाख्यातला, म्हणून आपल्याला हा कायदा लागू. मराठवाड्याला हैदराबादचा 1950 चा, विदर्भाला 1958 चा. आपल्याकडं 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं जमिनीचा खरेदीदार मानला गेला. आणि तो कसत होता याचा पुरावा काय? सात-बारा. बारा नंबरच्या नमुन्यात, जिथं पीक पाहणी होते तिथं, जुन्या उताऱ्यांवर "जमीन करणाराचे नाव" आणि "रीत" असे रकाने असायचे. तलाठी अण्णासाहेब रानात आले, त्यांनी त्या रकान्यात नाव लिहिलं, की त्या एका ओळीवर माणसाची पुढची पिढी जमीनदार व्हायची किंवा भूमिहीन राहायची.

एका ओळीला एवढी किंमत आली, म्हटल्यावर त्या ओळीवर सगळ्यांची नजर पडणारच. 1957 मध्येच गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा या कायद्याच्या अंमलबजावणीवरचा अहवाल आला. त्यात ठळकपणे पुढं आलेली गोष्ट म्हणजे कुळांनी "स्वखुशीनं" सोडलेल्या जमिनी. स्वखुशी किती आणि दाब किती, हे आपल्याला सांगायला नको. राजीनाम्यावर अंगठे घेतले गेले, कुळं बदलली गेली, आणि उताऱ्यावर रीत आली "खुद्द". कायद्यात पुढची तरतूदही आहे, कृषक दिनानंतर नवीन कूळ झालं तर त्यालाही खरेदीचा हक्क. मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: जमीन कुणालाही द्या, पण नाव कागदावर येऊ देऊ नका.

मी कूळ कायद्याच्या विरोधात नाही. हा कायदा झाला म्हणून हजारो घरं उभी राहिली, आपल्या तालुक्यातही ती आहेत, त्यातले काही आज स्वतःच्या जमिनी वाट्यानं देतात. पण कायद्यानं जे द्यायचं ते त्या एका पिढीला दिलं. नंतर जो कोणी दुसऱ्याचं रान करायला लागला, त्याला लपून राहावं लागलं. निम्म्यानं, तिसऱ्या हिश्श्यानं, एकरी रोख खंडानं, उक्त्या मक्त्यानं. सगळं तोंडी. फार तर शंभराच्या स्टॅम्पवर लिहून मालकाच्या कपाटात ठेवलेलं.

आता वर बघू.

भारतात वरून पीक बघायचा पहिला गाजलेला प्रयोग 1970 चा, केरळातला. नारळाच्या मुळाला कूज लागते, ती झाडाकडं बघून उशिरा कळते. प्रा. पिशारोटी यांच्या गटानं हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो काढले. डोळ्याला हिरवीगार दिसणारी झाडं फिल्मवर आजारी दिसली. तत्त्व सोपं आहे. जिवंत हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं, आणि आपल्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. पान आजारी पडलं, सुकलं की हे प्रमाण बिघडतं. या दोन आकड्यांच्या गणितातून जो निर्देशांक निघतो त्याला एनडीव्हीआय म्हणतात. उघडी माती शून्याच्या जरा वर, भरलेला ऊस 0.7 किंवा 0.8 च्या घरात. "सॅटेलाइटनं पीक बघितलं" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच गणित केलेलं असतं.

जुलै 1972 मध्ये अमेरिकेनं लँडसॅट-1 सोडला. आपल्याकडं त्याच पावसाळ्यात आभाळ कोरडं गेलं, बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली आपली माणसं खाली, आणि जमिनीचं पीक बघायला म्हणून सोडलेला पहिला उपग्रह वर, हे दोन्ही एकाच वर्षातलं.

आता ते साखळीचं माप काढा. लँडसॅट-1 ला सर्वात बारीक ठिपका दिसायचा साधारण 80 मीटर बाय 80 मीटरचा. गुंठ्यात सांगायचं तर 63 गुंठे, दीड एकराच्या वर. आपल्या भावकीतल्या वाटण्या बघता त्या एका ठिपक्यात चार भावांची रानं बसायची. 17 मार्च 1988 ला भारताचा स्वतःचा आयआरएस-1ए गेला. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा ठिपका 36 मीटरचा, म्हणजे 13 गुंठे. 2015 ला युरोपचा सेंटिनेल-2 आला, त्याचा ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर. 100 चौरस मीटर. आणि गुंठा असतो 101 चौरस मीटर!

म्हणजे विंगेटच्या साखळीनं जे माप जमिनीवर पाडलं, जवळजवळ तेवढ्याच तुकड्यानं आज उपग्रह आपली शेतं बघतो. 2017 पासून असे दोन उपग्रह जोडीनं फिरतात, दर पाच दिवसाला फोटो, आणि जगात कुणालाही फुकट. पुण्यातला तो मालक मोबाईलवर आपला गट उघडून दाखवत होता. "हे बघा, या कोपऱ्यात उगवण कमी आहे, पठ्ठ्यानं तिकडं बी टाकलेलंच नाही." वाटेकऱ्याला फोन करून तो जाब विचारतो. पूर्वी मालक दिवाळीला यायचा आणि खळ्यावर मापं मोजून जायचा. आता दर पाच दिवसाला वरून डोकावतो.

याला मर्यादा आहेत त्याही सांगतो, कारण आजकाल लोक सॅटेलाइटला देव समजायला लागलेत. खरिपात ढग असतात, ढगाखालचं त्याला दिसत नाही. नेमका उडीद फुलात असताना तीन-तीन आठवडे फोटो मिळत नाही. उडदात तूर असली की गोंधळ. वीस मीटर रुंदीची लांबट पट्टी असली की रुंदीत दोनच ठिपके, आणि तेही शेजाऱ्याच्या उसात मिसळलेले. शिवाय गटाचा नकाशा आणि जागेवरचा बांध यात फरक. तो फरक किती असतो हे मोजणी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ढगातून आरपार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, पूर आला की साचलेलं पाणी त्यांना काळ्या डागासारखं स्पष्ट दिसतं. पण पिकाचा प्रकार ओळखणं त्यांना तितकं सोपं जात नाही.

तरी सरकारी कामात हे सगळं शिरलंय. 2016 च्या दुष्काळ संहितेपासून पैसेवारीचं महत्त्व कमी झालं. पाऊस, मातीतली ओल, भूजल आणि उपग्रहाचा निर्देशांक बघायचा, मग दहा टक्के गावात जाऊन खात्री करायची. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपला करमाळा होता, ते याच पद्धतीनं. केंद्राच्या पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भात-गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहाच्या आकड्याला किमान 30 टक्के वजन दिलं. आणि 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे तलाठ्याच्या जागी शेतकऱ्याचाच मोबाईल.

आता मूळ प्रश्नावर येतो.

ई-पीक पाहणी रानात उभं राहून कोण करतं? बऱ्याच ठिकाणी वाटेकरी करतो, कारण रानात तोच असतो. ॲपमध्ये नाव कुणाचं निवडतो? खातेदाराचं. दुसरं नाव तिथं येतच नाही. फोटो वाटेकऱ्याच्या मोबाईलचा, पीक त्याच्या घामाचं, नोंद मालकाची. वरून उपग्रह सांगतो, हो, या गटात पीक आहे. झालं, दोन पुरावे जुळले. काय सिद्ध झालं? की मालक स्वतः शेती करतो.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. "रीत: खुद्द" हे पूर्वी तलाठ्याला हाताशी धरून लिहून घ्यावं लागायचं, आणि गावाला माहीत असायचं की ते खोटं आहे. आता तेच खोटं वाटेकऱ्याच्या हातून भरलं जातं आणि त्यावर उपग्रहाचा शिक्का बसतो. उद्या कुणी तहसीलदारापुढं म्हणाला की दहा वर्षं हे रान मी करतोय, तर त्याच्याविरुद्ध दहा वर्षांच्या नोंदी निघतील, त्यानं स्वतः भरलेल्या.

आणि पैशाचं? 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. नदीकाठचं एक कुटुंब मला माहीत आहे, सात एकर रान निम्म्यानं करतं. बी, खत, औषध निम्मं त्यांचं, कष्ट पूर्ण त्यांचे. उडीद काढून झाला होता, पण मका आणि तूर पाण्यात गेली, वरची माती खरवडून गेली. पंचनामा झाला. अनुदान खातेदाराच्या खात्यात. मालक भला निघाला, त्यानं निम्मे पैसे आणून दिले. शेजारच्या मळ्यातल्या मालकानं फोन उचलणं बंद केलं. दोघांची रानं रडारच्या चित्रात सारखीच काळी दिसली असणार. दोघांच्या घरात काय आलं हे मात्र मालकाच्या स्वभावावर ठरलं.

विम्यात वाटेकऱ्याला जागा आहे, हे खरं. पण नोंदणीकृत भाडेकरार पाहिजे. दुय्यम निबंधकाकडं जाऊन सही करणारा मालक मला आजवर भेटलेला नाही, तुम्हाला भेटला असेल तर सांगा. एक रुपयात विमा होता त्या दोन-तीन वर्षांत परक्याच्या, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर विमा काढल्याच्या भानगडी बाहेर आल्या. त्या रोखण्यासाठी कागद आणखी घट्ट केले, 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो मिळतो सात-बारावर. चोर पकडायला लावलेलं कुंपण योग्यच, पण कुंपणाबाहेर चोराबरोबर वाटेकरीही उभा राहिला.

मालकाला सरसकट खलनायक करायचं नाही. आपल्याकडं दोन एकरवाली विधवा बाईसुद्धा मालक असते, तिला मजूर मिळत नाहीत म्हणून ती रान वाट्यानं देते. तिची भीती खरी आहे, 1957 ची आठवण घराघरात आहे. आणि उलटही झालंय, लहान मालकांची रानं खंडानं घेऊन केळी लावणारे मोठे बागायतदार नदीकाठच्या पट्ट्यात कमी नाहीत. तिथं दुबळा कोण, हे सांगणं अवघड.

मार्ग लोकांनी सुचवलेत. 2016 ला नीती आयोगाच्या हक समितीनं नमुना कायदा दिला: मालकी शाबूत ठेवा, पण कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाईपुरती ओळख द्या. आंध्र प्रदेशानं 2019 ला पीक लागवडदारांचा कायदा केला, 11 महिन्यांचं कार्ड, त्यावर जमिनीचा कसलाही हक्क लागत नाही. पण त्यावरही मालकाची सही लागते, आणि सहीवरच गाडी अडते. माझं मत विचाराल तर ई-पीक पाहणीत एक जादा रकाना द्यावा, "या हंगामात पीक करणारा", आणि कायद्यात स्पष्ट लिहावं की या नोंदीवरून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, फक्त त्या हंगामाची भरपाई विभागली जाईल. काही वकील मित्र म्हणतात कोर्टात हे टिकणार नाही. काही म्हणतात टिकेल. विधिमंडळात कुणी विचारायला तयार आहे का, हा पहिला प्रश्न.

जाता जाता एक काम सांगतो. घरात आजोबांच्या वेळचे हातानं लिहिलेले सात-बारे असतील, 1950 ते 1970 च्या दरम्यानचे, तर "जमीन करणाराचे नाव" आणि "रीत" हे दोन रकाने बघा. नावं बदललेली दिसतील, कुठं खाडाखोड दिसेल, कुठं एका वर्षात "खुद्द" आलेलं दिसेल. गट नंबर आणि नावं झाकून त्याचे फोटो कमेंटमध्ये टाका. कोणत्या वर्षी किती गावांत हा बदल झाला, ते जुळवून पुढच्या पोस्टमध्ये मांडतो.